समुद्राचें माप

अन्न टाकूं नये, ही शिकवण आपल्याकडे मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वींच मिळते. पानांत वाढलेलें संपवावें, न संपेल तें वाढून घेऊं नये, आणि उरलेंच तर तें गाईला, कुत्र्याला, निदान कावळ्याला तरी घालावें, एवढें शास्त्र आमच्या आजीच्या पिढींतल्या कोणत्याहि बाईला मुखोद्गत होतें. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला जर कोणी सांगितलें कीं, पृथ्वीच्या पाठीवर एक अत्यंत सुधारलेला, हिशेबी आणि कागदोपत्रीं चोख असा भूभाग आहे, आणि तेथें चांगले, ताजे, खाण्याजोगे मासे जाळ्यांत ओढून, मारून, पुन्हां समुद्रांत फेकून द्यावे अशी पाळी खुद्द कायद्यानेंच मच्छीमारांवर कित्येक वर्षें आणली होती, तर त्याला ती एखाद्या विनोदी लेखकाची करामत वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. ती युरोपांतल्या उत्तर समुद्राची आहे. आणि मी ती येथें सांगूं इच्छितों याचें कारण असें कीं, तिचें पहिलें प्रकरण आपल्या कोंकण किनाऱ्यावर नुकतेंच लिहिलें जाऊं लागलें आहे, असा मला संशय येतो.

प्रथम या अपव्ययाचें प्रमाण सांगणें इष्ट होईल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजांत जगभर दरवर्षीं सुमारें २ कोटी ७० लाख टन मासळी पकडून टाकून दिली जाते, असें म्हटलें होतें. २००५ सालच्या अंदाजांत हा आकडा सुमारें ७३ लाख टनांवर आला, आणि २०१९ सालच्या अंदाजांत तो ९१ लाख टन, म्हणजे समुद्रांतून काढलेल्या दर दहा टनांमागें जवळजवळ एक टन, असा धरला आहे. तिन्ही वेळां मोजण्याची रीत निराळी होती. तेव्हां हे आकडे एकाखालीं एक मांडून त्यांवरून चढउताराचा सिद्धांत काढणें युक्त होणार नाहीं. शिवाय हे मासे मोजणार तरी कोण? जो मासा कोणी पाहण्यापूर्वींच पाण्यांत परत जातो, त्याची नोंद ज्यानें तो टाकला त्याच्या मनाखेरीज दुसरीकडे कोठेंहि होत नाहीं.

टाकण्याजोगी मासळी जाळ्यांत मुळांत येतेच कां, हें ज्यांनीं रापण ओढलेली पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. जाळ्याला निवड कळत नाहीं. त्यांतून ट्रॉल नांवाचें जाळें म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढीत न्यावयाची एक प्रचंड लांब पिशवी. तिचें तोंड दोन्ही बाजूंस लावलेल्या फळ्यांनीं फाकून धरलेलें असतें, आणि शेवटीं, आपल्याकडचे कोळी ज्याला खोला म्हणतात त्या निमुळत्या भागांत, सारें कांहीं गोळा होतें. खोल्याची आस, म्हणजे विणीचें भोंक, जितकी बारीक, तितकीं पिलें अधिक. कोळंबीसाठीं ओढलेल्या जाळ्यांत कोळंबीपेक्षां इतर जीवच जास्त यावे, हा उष्ण समुद्रांतला नेहमींचा अनुभव आहे. येथवर दोष जाळ्याचा.

युरोपांत या दोषाला कायद्यानें नवी जोड दिली. मासळीचा साठा आटत चालला असें दिसल्यावर १९८३ सालीं तेथील राष्ट्रांनीं एक सामायिक मत्स्यधोरण आंखलें, आणि कोणत्या जातीचे किती टन मासे कोणत्या राष्ट्रानें काढावे याचे वार्षिक वांटे ठरवून दिले. हेतु उत्तम होता. परंतु हे वांटे मोजले जात ते बंदरावर. धक्क्यावर उतरलेला मासा तेवढा हिशेबांत धरावयाचा. समुद्रांतच मरून समुद्रांतच गेलेला धरावयाचा नाहीं. ठराविक लांबीहून लहान मासा उतरविणें हा गुन्हा. ज्या जातीचा वांटा संपला तिचा मासा उतरविणें हाहि गुन्हा. आतां उत्तर समुद्रांत कॉड, हॅडक आणि व्हायटिंग हे मासे एकाच पाण्यांत, एकमेकांच्या सोबतीनें हिंडतात. ज्या नौकेचा हॅडकचा वांटा शिल्लक आहे आणि कॉडचा संपला आहे, तिनें काय करावें? ती हॅडकसाठीं जाळें टाकी, त्यांत कॉड येई, आणि कायद्याचें पालन व्हावें म्हणून तो कॉड पाण्यांत जाई. याखेरीज एक दुसरा प्रकार होता, त्याला तर कायद्याचें निमित्तसुद्धां पुरें पडत नाहीं. वांटा टनांवर मोजला जातो, आणि मोठ्या माशाला किलोमागें भाव अधिक येतो. तेव्हां लहान मासे फेकून देऊन तोच वांटा मोठ्यांनीं भरून काढणें हा सरळ फायद्याचा व्यवहार झाला. युरोपीय आयोगानें स्वतःच केलेल्या अंदाजाप्रमाणें पकडलेल्या मासळीपैकीं सुमारें २३ टक्के अशा अनेक कारणांनीं परत समुद्रांत जात असे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा पुतण्या स्कॉटलंडांत ॲबरडीन येथें शिकत असतां मी उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्याकडे गेलों होतों. मी जन्मानें किनाऱ्यावरचा, आणि मासळीबाजार दिसला कीं पाय आपोआप तिकडे वळावे अशी आमच्या घराण्याची खोडच आहे. तेव्हां ॲबरडीनच्या उत्तरेस असलेलें पीटरहेड हें बंदर पाहिल्यावांचून परतणें अशक्य होतें. भल्या पहाटे तेथील लिलाव सुरू होतो. आपल्याकडच्या धक्क्यावरचा कोलाहल मनांत धरून मी गेलों, आणि एखाद्या देवळांत शिरावें तसा गारठलेल्या, स्वच्छ, शांत दालनांत शिरलों. पेट्यांच्या ओळींमागून ओळी, बर्फांत एका दिशेनें डोकीं करून निजविलेले हॅडक आणि कॉड, आणि त्यांच्यामधून हलक्या आवाजांत बोली बोलत जाणारी मंडळी. एकहि मासा वेडावांकडा नाहीं, एकहि पिलूं नाहीं. "समुद्रांत काय सगळे मासे एकाच मापाचे असतात?" असें मीं पुतण्याला विचारलें. त्यानें मला आपल्या घरमालकिणीच्या वृद्ध भावाकडे नेलें. तो चाळीस वर्षें नौकेवर काढून निवृत्त झालेला कप्तान होता.

म्हाताऱ्यानें माझ्या प्रश्नाचें उत्तर फार शांतपणें दिलें. तुम्ही जें पाहिलेंत, तो निकाल होता. परीक्षा समुद्रांत होते, असें तो म्हणाला. मी प्राध्यापक आहें हें त्याला अगोदर सांगण्यांत आलें असावें. त्याच्या उमेदीच्या काळांत महिन्याचा कॉडचा वांटा संपला तरी कॉडला ती बातमी कळत नसे. कधीं एकाच ओढींत जाळें इतकें भरून येई कीं खलाशी आनंदानें ओरडत, आणि मग पुढचे दोन तास तेच खलाशी गुडघाभर माशांत उभे राहून, त्यांतला अर्धा माल फावड्यानें बाजूच्या दारांतून पाण्यांत लोटीत. त्याचा बापहि कोळी होता. बापाला एकदां तो सोबत घेऊन गेला, आणि हें पाहिल्यावर म्हातारा बाप खालीं केबिनींत जाऊन बसला तो बंदर येईपर्यंत वर आला नाहीं. एवढें सांगून त्यानें विषय बदलला व भारतांत क्रिकेट कसें चाललें आहे याची चौकशी केली.

टाकलेला मासा जगत असेल, निदान पुन्हां वाढून हातीं लागेल, अशी एक भाबडी समजूत असते. ती कांहीं जातींच्या बाबतींत खरीहि आहे. चपट्या माशांपैकीं व पाकटांपैकीं कांहीं, तसेच चिंगाटीच्या कुळांतले कवचधारी जीव, हे बरेचसे जगतात. परंतु कॉडसारख्या माशाच्या पोटांत हवेची पिशवी असते. आपल्याकडे घोळीच्या पोटांतली जी पिशवी मोठ्या किंमतीला विकली जाते तशीच. खोल पाण्यांतून मासा झपाट्यानें वर ओढला कीं दाब कमी होऊन ही पिशवी फुगते, आणि मासा धक्क्यावर काय, डेकवर येण्यापूर्वींच मेल्यांत जमा होतो. त्याला पाण्यांत सोडणें म्हणजे समुद्रपक्ष्यांना जेवण घालणें होय. उत्तर समुद्रांतले फुल्मर आणि गॅनेट हे पक्षी या अन्नछत्रावर इतके पोसले गेले कीं टाकाटाकी थांबली तर त्यांचें काय होईल, यावर विद्वानांनीं निबंध लिहिले आहेत. अन्न कोणाच्या तरी मुखीं पडलें, असें आमची आजी म्हणाली असती. परंतु तिनें तें पानावरच्या उष्ट्याविषयीं म्हटलें होतें, कोठारांतल्या धान्याविषयीं नव्हे.

या सर्व प्रकारांत मला जो भाग विशेष विचार करण्यासारखा वाटतो तो मासळीचा नसून मोजणीचा आहे. आम्हां शिक्षकांना तो चांगला ओळखीचा आहे. वर्गांत हजेरी घ्यावी असा नियम झाला कीं विद्यार्थी वर्गांत येत नाहींत, हजेरींत येतात. नांव पुकारलें कीं कोणाच्या तरी कंठांतून 'हजर' असा ध्वनि निघतो, आणि तक्ता भरतो. त्या तक्त्यावरून विद्यापीठ जेव्हां विद्येची अभिरुचि मोजूं लागतें, तेव्हां मला पीटरहेडच्या त्या स्वच्छ दालनाची आठवण होते. युरोपच्या कायद्यानें धक्का मोजला आणि त्याला समुद्र असें नांव दिलें. शास्त्रज्ञांनीं साठ्याचा अंदाज बांधावयाचा तो उतरलेल्या मासळीवरून. आणि उतरलेली मासळी म्हणजे मारलेल्या मासळीचा सोईस्कर निवडलेला भाग. अशा पायावर पुढल्या वर्षाचे वांटे उभे राहत. मासा वाया गेला हें एक नुकसान झालें. परंतु त्यासोबत तो मासा होता ही माहितीहि बुडाली, हें दुसरें नुकसान, आणि माझ्या मतें तें अधिक मोठें.

नॉर्वेचे लोक या निष्कर्षाप्रत इतरांपेक्षां लवकर आले. बॅरेंट्स समुद्रांत १९८३ सालीं कॉड आणि हॅडक यांची एक जबरदस्त पिढी जन्माला आली. तीन-चार वर्षांनीं हे मासे जाळ्यांत अडकण्याइतके मोठे, परंतु विकण्यास लहान, अशा वयाचे झाले, आणि त्यांची सर्रास टाकाटाकी सुरू झाली. ज्या पिढीच्या जिवावर पुढचीं दहा वर्षें जगावयाचें, ती डोळ्यांदेखत पक्ष्यांच्या तोंडीं जात होती. तेव्हां १९८७ सालीं नॉर्वेनें आज्ञा काढली कीं, कॉड आणि हॅडक मेलेल्या किंवा मरणाऱ्या स्थितींत समुद्रांत टाकावयाचे नाहींत. जें जाळ्यांत आलें तें सर्व धक्क्यावर आणावयाचें आणि वांट्यांत मोजून घ्यावयाचें. पुढें हळूहळू ही यादी वाढत जाऊन तिनें जवळजवळ सर्व महत्त्वाच्या जातींना कवेंत घेतलें.

आज्ञा काढणें सोपें असतें. नॉर्वेच्या शहाणपणाचा खरा कस लागला तो पुढच्या प्रश्नांत. ज्याचा वांटा संपला आहे त्यानें जास्तीचा कॉड धक्क्यावर आणला, तर त्याच्या पैशाचें काय करावें? पूर्ण किंमत त्यालाच दिली तर तो मुद्दाम जास्त पकडील. कांहींच न देतां उलट दंड केला तर तो पूर्वींप्रमाणें रात्रीच्या अंधारांत समुद्राकडे वळेल. नॉर्वेनें मधला मार्ग काढला. जास्तीची मासळी विकून जी रक्कम येईल तिचा सुमारें पांचवा हिस्सा मच्छीमाराला त्याच्या श्रमाचा व इंधनाचा मोबदला म्हणून द्यावयाचा, आणि उरलेली रक्कम मच्छीमारांच्याच विक्री-संघाकडे जमा करावयाची. म्हणजे आणण्याचा खर्च निघतो, परंतु त्यासाठीं मुद्दाम जाळें टाकावें इतका लोभ उरत नाहीं. कायदे करणाऱ्यांनीं मनुष्यस्वभावाची इतकी अचूक पारख केलेली माझ्या वाचनांत फारशी आलेली नाहीं. एक पंचमांश! यापेक्षां थोडें कमी असतें तर समुद्राचें पोट भरलें असतें, आणि थोडें अधिक असतें तर लोभाचें.

याच्या जोडीला त्यांनीं आणखी दोन गोष्टी केल्या. निरीक्षकांनीं भर समुद्रांत जाळें ओढून पाहावें, आणि त्यांत ठराविक प्रमाणापेक्षां पिलें अधिक आढळलीं तर तेवढें क्षेत्र तेथल्या तेथें बंद करावें, अशी व्यवस्था झाली. आणि जाळ्यांत सुधारणा झाली. नॉर्डमोर प्रांतांतल्या मच्छीमारांना कोळंबीच्या जाळ्यांत जेलीफिश फार त्रास देत. तो टाळण्यासाठीं खोल्याच्या तोंडाशीं एक तिरपी जाळी बसविण्याची युक्ति निघाली. कोळंबी गजांमधून आंत जाते, आणि मोठा जीव गजांवरून घसरत वरच्या भोंकांतून बाहेर पडतो. जेलीफिशसाठीं काढलेल्या या युक्तीनें मासेहि वांचतात असें दिसून आलें, आणि नव्वदाच्या दशकांत ती तेथें सक्तीची झाली. नंतर तिचा प्रसार दूरदूरच्या समुद्रांत झाला. टाकावयाचें नाहीं, असें एकदां ठरलें कीं न पकडण्याची अक्कल आपोआप सुचूं लागते. नौकेच्या पोटांत जागा थोडी, बर्फ थोडा. कवडीमोलाचीं पिलें तेथें भरून आणण्यापेक्षां तीं पाण्यांतच राहिलेलीं बरीं, हें मच्छीमाराला पटविण्यासाठीं मग व्याख्यानाची गरज पडत नाहीं.

नॉर्वेंत टाकाटाकी अजिबात बंद झाली, असें तेथील लोकहि म्हणत नाहींत. २०१३ सालीं बॅरेंट्स समुद्रांतल्या कॉडचा वांटा १० लाख टनांपर्यंत चढला होता, आणि गेल्या कांहीं वर्षांत तो पुन्हां पुष्कळच खालीं आला आहे. समुद्राच्या उष्णतेपासून रशियाशीं असलेल्या कराराच्या तपशिलापर्यंत अनेक कारणें अशा चढउतारामागें असतात. एका नियमाच्या गळ्यांत सारें यश घालणें जसें चुकीचें, तसेंच सारें अपयशहि.

युरोपीय संघाला हें सर्व कळावयास आणखी पाव शतक लागलें, आणि तेंहि एका बल्लवाचार्याच्या तोंडून. ह्यू फर्न्ली-व्हिटिंगस्टॉल या लांबलचक नांवाच्या गृहस्थानें २०११ च्या जानेवारींत ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर उत्तर समुद्रांतली ही फेकाफेक लोकांना डोळ्यांनीं दाखविली. शास्त्रज्ञ जें वर्षानुवर्षें अहवालांत लिहीत होते, तें एका स्वयंपाक्यानें कॅमेरा लावून दाखवितांच लाखों लोकांनीं अर्जावर सह्या केल्या. मला यांत शास्त्रज्ञांची हेटाळणी करावयाची नाहीं. अहवाल वाचावयाचे नसतातच, असा आमच्या विद्यापीठाचाहि शिरस्ता आहे. २०१३ च्या डिसेंबरांत नवें धोरण संमत झालें. त्याच्या पंधराव्या कलमानें ठरलें कीं, वांट्यांत असलेल्या जातींचा प्रत्येक मासा धक्क्यावर उतरवावा. २०१५ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू होऊन २०१९ च्या आरंभीं हा नियम सर्वत्र लागू झाला.

आणि मग फारसें कांहीं झालें नाहीं. २०१९ सालींच ब्रिटनच्या लॉर्डस् सभेच्या एका समितीनें चौकशी केली, तेव्हां नियम पाळला जात असल्याचा पुरावा तिला जवळजवळ कोठेंच सांपडला नाहीं. ज्या मासळीच्या राशी धक्क्यावर येऊन पडतील, म्हणून बंदरांनीं धास्ती घेतली होती, त्या राशी आल्याच नाहींत. कारण उघड होतें. लहान मासा आणला तर तो माणसाच्या खाण्यासाठीं विकतां येणार नाहीं, भुकटीला किंवा तेलाला जाईल, असा निर्बंध. म्हणजे खर्च पुरा आणि प्राप्ति नांवाची. शिवाय एका जातीचा वांटा संपतांच साऱ्या नौकेनें घरीं बसावें लागणार. अशा माशाला इंग्रजींत गळा आवळणारी जात म्हणतात, आणि आपला गळा आपण होऊन कोण पुढें करील? नियमाला अपवादांचीं ठिगळेंहि पुष्कळ लागलीं. परंतु सर्वांत विचित्र भाग निराळाच. आतां सर्वच मासा मोजला जाणार, या विश्वासानें पूर्वीं टाकल्या जाणाऱ्या मासळीइतकी भर वांट्यांत घालण्यांत आली होती. भर घेतली गेली, आणि टाकणेंहि चालूंच राहिलें. म्हणजे मासे वांचविण्याच्या कायद्यानें मासे अधिकच मारले जाण्याची सोय झाली. भर समुद्रांत पाहणारा डोळा नव्हता, हें या साऱ्याचें मूळ. डेन्मार्क व स्कॉटलंड यांनीं कांहीं नौकांवर कॅमेरे बसवून प्रयोग केले होते आणि ते बरेच यशस्वीहि झाले. परंतु आपल्या कामाच्या जागीं चोवीस तास कॅमेरा रोखलेला कोणाला आवडतो? २०२३ सालीं युरोपीय संघानें १८ मीटर व त्याहून लांब अशा, नियमभंगाचा संशय अधिक असलेल्या नौकांवर कॅमेरे बसविण्याचा कायदा केला आहे. त्या वृद्ध कप्तानाला मीं याविषयीं विचारलें होतें. कॅमेऱ्याला हरकत नाहीं, तो म्हणाला. परंतु ज्यांनीं धक्क्यावर मोजलें त्यांच्यावरहि कोणीतरी एक रोखावा.

अलास्कांतली व्यवस्था मात्र येथें थोडक्यांत सांगितलीच पाहिजे, कारण तेथें दोन परस्परविरुद्ध नियम शेजारीं शेजारीं नांदतात. १९९८ पासून तेथें पोलॉक आणि पॅसिफिक कॉड हे मासे टाकण्यास बंदी आहे. पण त्याच ट्रॉलरच्या जाळ्यांत हॅलिबट आला, तर तो ठेवण्यास बंदी! तो शक्य तितक्या कमी इजेनें पाण्यांत परत सोडावा, म्हणजे त्याच्या मोहानें कोणी जाळें वळविणार नाहीं. आणि पोलॉकच्या जाळ्यांत सालमन आला तर तो मोजणाऱ्यानें मोजीपर्यंत टाकावयाचा नाहीं, आणि मोजल्यावर विकावयाचाहि नाहीं. भुकेल्यांना अन्न पुरविणाऱ्या संस्थांना तो दान करण्याची सोय आहे. वरवर पाहतां हा गोंधळ वाटतो. परंतु प्रत्येक नियमाच्या मागें एकच प्रश्न उभा आहे: हा मासा मोजला गेला कीं नाहीं, आणि तो जाळ्यांत येण्यांत कोणाचा फायदा आहे कीं नाहीं?

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळतों. आपल्याकडे मासळी टाकली जात नाहीं, असें अभिमानानें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें बऱ्याच अंशीं खरें आहे, परंतु त्यांत अभिमानाचें कांहीं नाहीं. जे ट्रॉलर बरेच दिवस बाहेर राहतात ते आरंभीच्या दिवसांतली हलकी मासळी टाकतात आणि परतीच्या दिवसांतली ठेवतात, कारण तिला आतां गिऱ्हाईक आहे. पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणीं मासळीच्या भुकटीचे कारखाने निघाले आहेत. ती भुकटी कोळंबीच्या शेतींत आणि कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. सर्व मासळी धक्क्यावर आणावी, ही नॉर्वेची आज्ञा आपण कोणत्याहि आज्ञेवांचून पाळूं लागलों आहोंत, आणि तिच्या हेतूचा मात्र बरोबर उलटा परिणाम साधला आहे. तेथें पिलूं आणणें जड व्हावें म्हणून तें आणावयास लावतात. येथें पिलूं आणणें परवडतें म्हणून तें आणलें जातें. पूर्वीं वाया जाणारी वस्तु उपयोगाला आली, असें अर्थशास्त्राचे माझे सहकारी म्हणतील. त्यांना मी मालवणच्या बाजारांत घेऊन जाऊं इच्छितों. तेथें मे महिन्यांत एका ओळखीच्या कोळणीच्या पाटींत मीं तळहातावर दोन मावतील एवढे सरंगे पाहिले. मी घुटमळलों, तशी ती म्हणाली, "घेवा हो मास्तरांनू. तुमी नाय घेतलात तर कारखान्याक जातले." तिच्या तर्कांत मला खोट काढतां आली नाहीं, आणि सरंगे घेण्यास हातहि झाला नाहीं.

हा सरंगा, म्हणजे पापलेट, २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षीं राज्य सरकारनें ५४ जातींच्या माशांसाठीं किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडूं नये. शास्त्रज्ञ हें अनेक वर्षें मागत होते, आणि मासा निदान एकदां विण्याइतका वाढावा या त्यांच्या मागणीशीं कोणाचा वाद असण्याचें कारण नाहीं. परंतु लांबी मोजणार कोठें? निरीक्षकाची पट्टी चालणार ती धक्क्यावर आणि बाजारांत. जाळ्याची आस जर तीच राहिली, पिलांचें क्षेत्र जर बंद झालें नाहीं, तर खोल्यांत मासा पूर्वीं येत होता तेवढाच येणार. फक्त तो कोठें दिसावा आणि कोठें दिसूं नये, एवढें बदलेल. उत्तर समुद्रांत १९८३ सालीं जेथून आरंभ झाला, ती जागा हीच.

गेल्या दिवाळींत गांवीं गेलों असतां एका तांडेलाशीं मीं हा विषय काढला. त्याचा एक लहान ट्रॉलर आहे, आणि त्याचा धाकटा मुलगा आमच्या महाविद्यालयांत शिकून गेला आहे, म्हणून तो माझें बोलणें ऐकून घेतो. नवा नियम त्याच्या कानावर आला होता. जाळें दुरुस्त करतां करतां तो म्हणाला, "बारीक गावलो तर बंदरार हाडूचो नाय, असांच मां? बरां. मगे दर्यात टाकूचो. मेलेलो तो मेलेलोच."

मीं त्याला विचारलें, समजा, तोच बारीक मासा तूं धक्क्यावर आणून दाखविलास, मोजून दिलास, आणि त्याबद्दल दंड न होतां तुझ्या डिझेलपुरते पैसे कोणी दिले, तर आणशील?

त्यानें सुई थांबविली. "कोण देतलो?" त्यानें विचारलें.

मी नॉर्वेच्या विक्री-संघाची हकीकत सांगूं लागलों. तो ती लक्ष देऊन ऐकत होता. पांचवा हिस्सा म्हणजे क्विंटलमागें किती, याचा हिशेबहि त्यानें बोटांवर करून पाहिला. परंतु इतक्यांत बर्फाची गाडी धक्क्यावर आली, आणि तो उठला.